‘गवतपड’ हा शेरा आणि चंडोलाचे घर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या तालुका पुरवणीत गेल्या आठवड्यात गायरानावर होऊ घातलेल्या सौर प्रकल्पाची बातमी आली. बातमी सरळ होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रकल्पाच्या टिपणातली दोन वाक्ये तिच्यात जशीच्या तशी छापली होती: ‘सदर जमीन पडीक आहे’ आणि ‘सदर ठिकाणी धोक्यातील प्रजाती आढळत नाहीत’. दोन्ही वाक्ये कागदावर बरोबर आहेत, आणि तरीही माझ्या दृष्टीने दोन्ही चुकीची आहेत. यातले पहिले वाक्य मी स्वतः माझ्या हाताने तेहतीस वर्षे लिहिले, म्हणून हे पत्र मीच लिहायला हवे.

मी पुरंदर तालुक्यात तलाठी होते. १९८४ साली नोकरीला लागले, २०१७ साली निवृत्त झाले. आमच्या सज्जात सगळा मुरमाड माळ. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा. पाऊस बरा झाला तर रब्बीची ज्वारी. बाकी कुसळी, शेडा, मारवेल, डोंगरी गवत आणि मध्येच एखादी हिवर, बोर किंवा तरवडाचे झुडूप. पीक पाहणीला गेले की बाजरीपुढे बाजरी लिहायची, ज्वारीपुढे ज्वारी. गवत असेल तिथे बाराच्या रकान्यात शेरा ठरलेला: ‘गवतपड’. माझ्या आधीच्या तलाठ्यांनी तेच लिहिले होते, त्यांच्या आधीच्यांनीही तेच. आता ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंद करतो. तिथेही ‘कायम पड’ आणि ‘चालू पड’ असेच पर्याय समोर येतात. गवताला स्वतःचे नाव तिथेही नाही.

हे आले कुठून? इंग्रजांची जमीन मोजणी आणि प्रतबंदी नीट मार्गी लागली ती शेजारच्या इंदापुरातून, १८३५-३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांच्या हातून. जमिनीची खोली, रंग, दोष बघून नऊ प्रती पाडायच्या, आण्यांत किंमत ठरवायची आणि त्यावर सारा. पद्धत हुशारीची होती, आमच्या खात्याचा सगळा पाया तिच्यावर उभा आहे. पण तिचा प्रश्न एकच होता, सारा किती येईल. ज्या तुकड्यातून सारा येणार नाही तो पोटखराबा. जमिनीत काय जगते हा प्रश्न त्या कागदाने कधी विचारलाच नाही. आणि पुढे दीडशे वर्षे आम्हीही विचारला नाही.

त्याच दख्खनमध्ये, त्या मोजणीच्या थोडे आधी, विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी फिरत होता. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी गावोगावची आकडेवारी गोळा करणे हे त्याचे काम. लोकसंख्या, पिके, वतने, जमिनीचे हक्क. दख्खनच्या जमीनधारणेवर त्याचा निबंध १८३५ साली छापून आला. म्हणजे एका अर्थी आमच्याच कामाचा माणूस. पण आकडे गोळा करता करता तो पक्षीही बघत होता. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी प्रसिद्ध झाली, आणि त्यात एक छोटा, तांबूस, डोक्यावर आखूड तुरा असलेला चंडोल शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाला. त्याचे नाव त्याने ठेवले ‘अलाउडा देवा’. पुढे त्याचा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बदलून ‘गॅलेरिडा’ झाला, पण ‘देवा’ हा आपला शब्द तसाच राहिला. इंग्रजीत कुणी त्याला साइक्सचा चंडोल म्हणते, कुणी तांबूस चंडोल.

हा पक्षी जगात फक्त भारतातच आढळतो, तोही द्वीपकल्पाच्या कोरड्या भागातच. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर कर्नाटक, तेलंगण, आंध्र हाच त्याचा मुख्य पट्टा. सासवड, जेजुरी, सुपे या भागात तो आमच्या रोजच्या पायवाटेवरचा आहे. टिपणात ‘धोक्यातील प्रजाती नाहीत’ असे लिहिणाऱ्याने बहुधा हाच बघितला असेल, आणि धोक्यातील प्रजातींच्या यादीत त्याचे नाव न मिळाल्याने पुढे गेला असेल.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिले १९९७ साली, आषाढात. गायरानाची हद्दकायम मोजणी होती. भूकरमापक, मी, दोन पंच, गावचा कोतवाल आणि साखळी धरायला दोन पोरे. हद्दीचा दगड सापडत नव्हता. कोतवाल गवत चाचपत पुढे सरकत होता आणि एकदम थांबला. म्हणाला, “बाई, पाय पुढं टाकू नका.” त्याच्या बोटापासून वीतभर अंतरावर कुसळीच्या ठोंबाखाली, मुठीएवढ्या दगडाच्या आडोशाला, वाटीएवढा खळगा होता. आत बारीक काड्यांचे अस्तर. काठाला मुरमाचे चारपाच खडे. मधे दोन अंडी, मळकट पांढरी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. मादी उडाली नव्हती. ती गवतातून पळत पळत दहा पावलांवर गेली, एका दगडावर चढली आणि तुरा उभारून आमच्याकडे बघत राहिली. त्या दगडाचा रंग आणि तिचा रंग एक. मान हलवली नसती तर मला दिसली नसती. भूकरमापकाने काही न बोलता साखळी उचलली, हातभर बाजूने वळवून घेतली आणि तो फरक आकड्यात दुरुस्त करून टाकला. संध्याकाळी चावडीत बसून मी त्या गटाची नोंद पुरी केली. लिहिले, ‘गवतपड’. लिहिताना हात अडखळला नाही. आज तो शेरा आठवला की वाईट वाटते.

त्या मोसमात त्याचे गाणेही ऐकले. नर एखाद्या बोरीच्या शेंड्यावर बसून किंवा हवेत फडफडत वर चढून गातो आणि गाण्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका घालतो. टिटवी ओरडली म्हणून मी वळून बघायची, तर समोर हा. मग त्यातच कोतवाल पक्ष्याची शीळ. आमच्या माळावरच्या एक वयस्कर मेंढपाळ बाई म्हणायच्या, “माळावर कोण कोण आहे ते हा एकटा सांगतो.” त्यांनीच मला डोंबारी दाखवला. तो दुसरा, चिमणीएवढा, काळ्या पोटाचा. वर जातो आणि कोलांट्या घेत खाली येतो, म्हणून डोंबारी. तोही चंडोलाच्याच कुळातला.

आता वर्गीकरणाविषयी थोडे, कारण सगळा प्रश्न तिथेच येऊन मिळतो.

चंडोल कुळ शास्त्रज्ञांना फार दिवस कोड्यात टाकणारे होते. चिमण्यांसारखे दिसतात, पण चिमण्या नव्हेत. त्यांच्या पायाच्या नळीची मागची बाजू गोल आणि खवल्यांची असते, इतर गाणाऱ्या पक्ष्यांत तिथे सरळ धारेची पट्टी असते. आवाजाच्या पेटीतही एक हाडाचा भाग त्यांना नसतो. मग जनुकांची तपासणी सुरू झाली आणि चंडोलांचा सगळ्यात जवळचा नातलग निघाला युरोप-आशियातल्या बोरूच्या बेटांत राहणारा, मिशा असलेला एक छोटा पक्षी. दिसण्यात काही साम्य नाही. २०१३ साली या कुळाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा लक्षात आले की एकाच तऱ्हेच्या माळावर राहून राहून वेगवेगळ्या शाखांचे चंडोल एकसारखे दिसायला लागले आहेत, आणि सख्खे नातलग मात्र दिसायला वेगळे. चोच आणि रंग बघून केलेल्या जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी फिरवाव्या लागल्या.

आमच्याकडे दोन तुरेवाले चंडोल शेजारी शेजारी भेटतात. दिवे घाटाच्या अंगाला मलबारी चंडोल: मोठा, तुरा लांब, छातीवर ठसठशीत काळ्या रेघा. पूर्वेला सुप्याकडे सरकावे तसा देवा चंडोल: लहान, पोट तांबूस, छातीवर रेघा बारीक आणि मोजक्या. मधल्या पट्ट्यात दोघेही. मलबारी चंडोल बराच काळ भूमध्य समुद्राकडच्या एका चंडोलाचीच उपजात समजला जात असे. दुसरे उदाहरण झुडपी चंडोलांचे. एकच जात म्हणून नोंदलेल्या पक्ष्याच्या १९९८ साली चार जाती ठरल्या, आणि त्या ठरवताना पेर आल्स्ट्रॉम या स्वीडिश अभ्यासकाने त्यांचे गाणे आणि गाताना घेतलेली भरारी बारकाईने ताडून पाहिली होती. पक्ष्याची नोंद चुकली असेल तर तिकडे माणसे पुन्हा माळावर जातात, कान देतात, नोंद दुरुस्त करतात. फेरफार धरला जातो, असे आमच्या भाषेत म्हणता येईल. जमिनीच्या नोंदीला मात्र हा फेरफार कुणी धरत नाही.

वर्गीकरण हे केवळ अभ्यासकांचे काम नाही. नाव वेगळे ठरले की मोजणी वेगळी होते, आणि मोजणी झाली तरच धोका दिसतो. चार जाती एका नावाखाली असतील तर त्यातली एखादी संपत आली तरी बेरीज भरलेलीच दिसते.

कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत देवा चंडोल ‘किमान चिंता’ या गटात आहे. ही नोंद चूक आहे असे मी म्हणत नाही. त्या यादीचे नियम कडक असतात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या निदान तीस टक्के घटली, किंवा पसारा वीस हजार चौरस किलोमीटरच्या आत आला आणि तोही तुकड्यातुकड्यांत कमी होत चालला, असे काही असेल तर पक्षी धोक्याच्या पहिल्या पायरीवर चढतो. आमच्या चंडोलाचा पसारा पाच-सहा राज्यांचा आहे. तेव्हा तो त्या पायरीवर नाही, हे ठीकच. पण ‘किमान चिंता’ याचा अर्थ ‘जगातून नाहीसा व्हायची भीती तूर्त नाही’ एवढाच. ‘इथे खुशाल नांगर घाला’ असा त्याचा अर्थ नव्हे. आमच्या गायरानातून तो उद्या उठला तर त्या यादीत काहीही हलणार नाही. अशी हजार गायराने गेल्यावर हलेल, आणि तेव्हा ती माळराने परत आणता येणार नाहीत.

माळढोकाच्या बाबतीत हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सोलापूर-नगर भागात १९७९ साली त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. २०११ पासून माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. एवढ्या मोठ्या पक्ष्याचे हे झाले. वीतभर चंडोलाकडे कोण बघणार?

लहान पक्ष्यांकडे बघणारे मात्र आता निघाले आहेत, आणि त्याचा मला खरा आनंद आहे. देशभरातल्या हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. त्यात ९४२ जाती तपासल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटलेल्या निघाल्या. माळावर तारेवर बसणारा मोठा राखी खाटीक ऐंशी टक्क्यांहून जास्त घटला. खाटीकही गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गणातला, आणि लहानपणी आमच्याकडे कुंपणाकुंपणावर होता. नीलपंखासकट चौदा जातींचा लाल यादीतला दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारस त्या अहवालाने केली. या सगळ्या जाती आपल्या रोजच्या बघण्यातल्या होत्या.

कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चंडोल कुळ पूर्वीपासून अनुसूचीत आहे. चंडोल पकडला, पिंजऱ्यात घातला तर गुन्हा. पण त्याच्या घरट्याखालची जमीन उकरली तर तो ‘पडीक जमिनीचा विकास’ होतो. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशाची २०१९ ची आवृत्ती पाहा. त्यात ५ कोटी ५७ लाख हेक्टर जमीन, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास सतरा टक्के, पडीक धरली आहे, आणि विरळ झुडपांचा माळ, खालावलेली कुरणे या सदरांखाली आपल्यासारखी कितीतरी माळराने त्यातच मोडतात. शिवाय सौर विद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतून सूट आहे. त्यामुळे अशा टिपणातली ती दोन वाक्ये कुणी माळावर जाऊन तपासावी, अशी सक्तीही नाही.

माझा सौर ऊर्जेला विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. रात्री दोन वाजता मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला साप चावल्याचे पंचनामे मी पाहिले आहेत. दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण कालव्याकाठची सरकारी जागा, बंद पडलेल्या खाणी, आधीच खणून टाकलेली पड, शाळा-गोदामांची छपरे हे सगळे सोडून सलग राहिलेले गवत आधी का?

झाडांच्या बाबतीतही हेच. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात आधी दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग तेहतीस कोटी झाडे लावण्याच्या मोहिमा झाल्या. झाडे लावणे चांगलेच. पण रोपाला मोकळी जागा लागते, आणि कागदावर मोकळी दिसते ती गवताचीच. आमच्या गायरानाच्या वरच्या उतारावर एका यंत्रणेने यंत्राने सलग समतल चर खणले, गिरिपुष्पाची रोपे लावली. पहिल्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वाळली. जी जगली त्यांच्यावर आता कावळे आणि शिक्रा टपून बसतात. चंडोल जमिनीवर राहणारा, पळणारा, मुरमाच्या रंगात दडणारा पक्षी. त्याला लांबवर बघता आले पाहिजे. चरांच्या पट्ट्यात गेल्या चार पावसाळ्यांत मला त्याचे एकही घरटे मिळाले नाही. खालच्या अंगाला, जिथे अजून मेंढ्या बसतात, तिथे मिळते. मेंढरे मोजकी चरली तर गवत बेताचे राहते आणि माळ माळ राहतो. चराई पूर्ण बंद केली तर झुडपे माजतात. मेंढपाळांना हे कुणी शिकवावे लागत नाही.

आपल्या वाचकांत माझे जुने सहकारी आहेत, सरपंच आहेत, ग्रामसेवक आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गायरान गाव नमुना एक-ब मध्ये चढलेले असते, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली ते गुरांच्या चराईसाठी राखलेले असते. ती नोंद गावाच्या हातातली मोठी गोष्ट आहे. तिच्या जोडीला २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बहुतेक ठिकाणी ती वही कपाटात असते आणि तिच्यात आंबा, चिंच, बाभूळ, गाय, म्हैस एवढेच असते. आमच्या गावची मी पाहिली. पक्ष्यांच्या पानावर मोर, पोपट, कावळा. माळावरचा एकही नाही.

सरकारकडे मागणी एवढीच, की महसुली नोंदीत गवताळ माळ हा स्वतंत्र प्रकार करावा. ‘पड’ नको, ‘पोटखराबा’ नको. सातबाऱ्यावर ‘माळरान’ असा शब्द येऊ द्या. ई-पीक पाहणीत एक पर्याय वाढवणे फार अवघड नसावे. आणि गायरानावर कोणताही प्रकल्प ठरवण्याआधी ज्येष्ठ ते भाद्रपद या दिवसांत कुणीतरी तो माळ पायी फिरून बघावा. वैशाखात गेले तर पिवळे गवत आणि दगड दिसतील, आणि टिपणात पुन्हा तीच दोन वाक्ये येतील.

ग्रामसभेची नोटीस लागली आहे, विषय क्रमांक चारला प्रकल्पाला ना-हरकत आहे. मी जाणार आहे. सोबत माझी निवृत्तीनंतरची वही असेल, आठ पावसाळ्यांची. तिच्यात गट नंबरासह एकोणीस घरट्यांची नोंद आहे: तारीख, कुठल्या गवताखाली, किती अंडी, किती पिल्ले उडाली. लोक जैवविविधता नोंदवहीत त्या नोंदी उतरवून घ्याव्यात, असा लेखी अर्ज मी दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त तलाठी, ता. पुरंदर
(नाव व पत्ता संपादकांकडे)